जहाज गुस्तावियाला थांबणार आणि हातात एकच दिवस: काय करावं, काय सोडावं

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीत राहणारं एक जोडपं आणि पुण्याहून त्यांच्याकडे आलेले, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा असे चौघंजण फेब्रुवारीत पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून सुटणाऱ्या एका छोट्या क्रूझ जहाजाने कॅरिबियनमध्ये निघाले आहेत. त्यातला एक दिवस सेंट बार्ट्स बेटावरच्या गुस्ताविया बंदरात आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आईंचे गुडघे दुखतात, बाबा पक्के शाकाहारी. बेट अब्जाधीशांचं म्हणून प्रसिद्ध. म्हणून त्यांनी विचारलंय, "आमच्यासारख्यांनी तिथे उतरून करायचं काय? जहाजाची सहल घ्यावी, आपलं आपण फिरावं, की त्या दिवशी जहाजावरच थांबावं?"

उतरा. त्या आठवड्यातल्या सगळ्या बंदरांत पायी फिरायला इतकं सोपं आणि इतकं नीटनेटकं गाव दुसरं मिळणं कठीण. मी छोट्या जहाजांवर किनाऱ्यावरच्या सहली ठरवून देण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे आणि हिवाळ्याचे हंगाम बहुतेक याच बेटांमध्ये काढले आहेत. गुस्तावियाहून नाराज होऊन परतणारे प्रवासी बहुतेक वेळा एकाच प्रकारचे असतात: ज्यांनी "अख्खं बेट बघायचं" असं ठरवलेलं असतं ते. बेट जेमतेम पंचवीस चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे ते एका दिवसात उरकेल असं नकाशावर वाटतं. प्रत्यक्षात रस्ते चढ-उताराचे, अरुंद, टॅक्सी मोजक्या आणि दुपारी गाव बंद. तेव्हा गुस्ताविया गाव पायी आणि त्याला जोडून एकच किनारा, एवढाच बेत ठेवा. बाकीचं सगळं याच बेताभोवती सांगते.

पण त्याआधी व्हिसा, कारण ते काम आजच सुरू करावं लागेल.

सेंट बार्थेलेमी, म्हणजे लोकांच्या तोंडचं सेंट बार्ट्स, फ्रान्सचा भाग आहे. चलन युरो, पोलीस फ्रेंच, पोस्ट फ्रेंच. पण ते शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही आणि २०१२ पासून युरोपीय संघाच्या हद्दीतही मोडत नाही. त्यामुळे तुमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट असतील तर तुमचा प्रश्न मिटला, पण आई-बाबांच्या भारतीय पासपोर्टचा मिटत नाही. त्यांच्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा हा अमेरिकेत परत शिरायला लागेल, फ्रेंच बेटावर उतरायला तो पुरेसा आहे असं गृहीत धरू नका. शेंगेन व्हिसा असला तरी तो फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांना आपोआप लागू होत नाही, व्हिसावर तसा उल्लेख असावा लागतो. क्रूझच्या प्रवाशांसाठी वेगळे नियम लावले जातात आणि ते बदलतातही. म्हणून जहाज कंपनीला ईमेल करा. त्यात आई-बाबांचं नागरिकत्व, त्यांच्याकडे असलेले व्हिसे आणि प्रवासातली सगळी बंदरं ओळीने लिहा आणि उत्तर लेखी मागवा. फोनवर "हो, चालेल" म्हणणाऱ्याचा काही उपयोग नाही, कारण सान हुआनच्या काउंटरवर कागद बघणारा माणूस दुसराच असतो. कागद अपुरे निघाले तर त्या एका बंदरासाठी अख्ख्या प्रवासातून उतरवलं जाऊ शकतं. हे मी घाबरवायला सांगत नाही. सत्तरीतल्या माणसांना सामानासकट काउंटरवरून मागे फिरताना पाहिलं आहे आणि ते फार वाईट असतं. शेवटी फ्रेंच व्हिसा लागलाच तर तो कुठून काढायचा, भारतातून की अमेरिकेतून, हेही त्याच वेळी विचारून घ्या. दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळू.

गुस्तावियाला मोठा धक्का नाही. जहाज बंदराबाहेर नांगर टाकतं आणि तिथून टेंडर, म्हणजे जहाजाच्याच छोट्या मोटरबोटी, प्रवाशांना गावात नेऊन सोडतात. बोटीचा प्रवास काही मिनिटांचाच असतो आणि गावाच्या मधोमध उतरवतात. कस लागतो तो फक्त जहाजातून बोटीत पाय टाकण्याच्या क्षणी. समुद्र वरून शांत दिसत असला तरी बोट आणि जहाजाचा फलाट एकाच वेळी वर-खाली होत नाहीत, मध्ये फूट-दीड फुटाचा फरक पडत राहतो. दाराशी दोन खलाशी उभे असतात. आईंना आधीच सांगून ठेवा: खलाशाचा पंजा पकडायचा नाही, त्याचं मनगट पकडायचं आणि तोही आपलं मनगट पकडतो. अशी दुहेरी पकड सुटत नाही. पाय तो सांगेल तेव्हाच टाकायचा, बोट वर येऊन क्षणभर ठरते तेव्हा. आपल्या अंदाजाने आधी नाही, घाबरून नंतरही नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पर्स आणि पिशव्या तुम्ही घ्या. साडीऐवजी सलवार किंवा पँट, आणि चपलांऐवजी मागे पट्टा असलेले सँडल. काठी असेल तर ती आधी खलाशाकडे द्यायची. क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली माणसं पुष्कळ असतात. आदल्या दिवशी चौकशी करा, एखाद्या कोंकणी-मराठी बोलणाऱ्या खलाशाशी आईंची ओळख झाली तर दुसऱ्या दिवशी निम्मी भीती तिथेच जाते.

फेब्रुवारीत पूर्वेकडून वारा चांगला वाहतो, पण गुस्ताविया बेटाच्या पश्चिम अंगाला, आडोशाला आहे. अडचण येते ती उत्तरेकडून मोठी लाट आली तर. अटलांटिकमध्ये वर कुठेतरी हिवाळी वादळ झालं की दोन-तीन दिवसांनी त्याची लांबलचक लाट या बेटांपर्यंत पोहोचते. इकडे आकाश निरभ्र असतं आणि तरी टेंडर धोक्याचे होतात. अशा वेळी कॅप्टन बंदर रद्द करतो आणि ते बरोबरच असतं.

पहिल्याच टेंडरची घाई करू नका. सकाळी सगळे एकदम दाराशी जमतात, शिवाय दुकानं नऊ-दहाच्या आधी उघडत नाहीत. पण दहाच्या पुढेही ढकलू नका, कारण बारा-साडेबाराला गाव जेवायला बसतं. दुकानं आणि कचेऱ्या दुपारी दोन-तीनपर्यंत बंद राहतात. रविवारी तर बहुतेक बंदच. तुमचा दिवस कार्निव्हलच्या आठवड्यात येतोय का तेही बघून ठेवा. राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, इथे लोक काळे-पांढरे कपडे घालून शेल बीचवर वावालचा, म्हणजे कार्निव्हलच्या राजाचा, पुतळा जाळतात. तो बघायला मिळाला तर भाग्य समजा, पण त्या दिवसांत दुकानांचा भरवसा धरू नका.

टेंडरमधून उतरलात की समोर यू अक्षरासारखं बंदर दिसेल. तिन्ही बाजूंना लाल छपरांची बुटकी घरं, मागे कोरड्या हिरव्या टेकड्या आणि धक्क्याला पाठ लावून ओळीने उभ्या असलेल्या खासगी बोटी, त्यातल्या काही तुमच्या जहाजाच्या निम्म्या लांबीच्या. बहुतेकजण इथे थांबून त्या बोटींचे फोटो काढतात आणि मग दुकानांच्या रस्त्याला लागतात. तुम्ही पाच मिनिटं आधी रस्त्याच्या पाट्या वाचा. गावात बऱ्याच ठिकाणी फ्रेंच नावाबरोबर स्वीडिश नाव लिहिलेलं आहे. कॅरिबियनमध्ये स्वीडिश कुठून आलं, हे कळलं की या गावाचं सगळं कोडं उलगडतं.

१७८४ साली फ्रान्सच्या सोळाव्या लुईने हे बेट स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याला देऊन टाकलं. बदल्यात फ्रेंच व्यापाऱ्यांना स्वीडनच्या गोटेनबर्ग बंदरात सवलती मिळाल्या. बेटाची किंमत तेव्हा फ्रान्सला एवढीच वाटली, कारण इथे नदी नाही, ओढा नाही, पाऊस कमी. शेजारच्या ग्वादलूप-मार्टिनिकसारखे उसाचे मोठे मळे इथे उभे राहू शकले नाहीत. पण स्वीडिशांनी या आडोशाच्या बंदराचं मोल ओळखलं. वस्तीला राजाचं नाव दिलं, रस्ते आखले, किल्ले बांधले आणि बंदर करमुक्त केलं. फ्रान्स आणि ब्रिटन एकमेकांशी लढत होते तेव्हा तटस्थ देशाच्या या बंदरात दोन्हीकडचा माल येऊन पडत होता आणि गाव पैशाने फुगलं. त्या व्यापारात गुलाम म्हणून विकली जाणारी माणसंही होती. स्वीडनने इथली गुलामी १८४७ मध्ये संपवली. धक्क्याजवळच्या जुन्या दगडी भिंतींकडे बघताना हेही लक्षात असू द्या. नंतर युद्धं थांबली, व्यापार दुसरीकडे गेला, १८५२ च्या आगीत गावाचा बराच भाग जळाला. शेवटी बेटावरच्या लोकांचं मत घेऊन १८७८ मध्ये स्वीडनने ते फ्रान्सला परत केलं. करमुक्त बंदर मात्र तसंच राहिलं. आज रू द ला रिपब्लिकवर एर्मेस आणि कार्टिए या महागड्या कंपन्यांची दुकानं ओळीने दिसतात, त्याचं एक मूळ या जुन्या सवलतीत आहे.

आईंना चालवेल असा रस्ता सांगते. टेंडरच्या जागेवरून पाण्याच्या कडेकडेने बंदराच्या आतल्या टोकाला जा. रस्ता सपाट आहे. तिथे एक अवाढव्य जुना नांगर ठेवलेला आहे आणि जवळच १८५५ सालचं छोटं दगडी अँग्लिकन चर्च. उघडं असेल तर आत दोन मिनिटं बसा, गार असतं. तसंच पुढे वळून बंदराच्या पलीकडच्या हाताला गेलात की ला प्वँतच्या टोकाकडे वॉल हाऊस नावाची स्वीडिश काळातली दगडी इमारत लागते, तिथे बेटाचं संग्रहालय आहे. मला या संग्रहालयाबद्दल फार आस्था आहे. लहानसं आहे, अर्ध्या-पाऊण तासात होतं आणि श्रीमंती येण्याआधीचं बेट कसं होतं हे तिथे नीट कळतं. जाण्याआधी त्या दिवशीच्या वेळा तेवढ्या बघून घ्या. इथले मूळ शेतकरी-कोळी नॉर्मंडी, ब्रिटनी या भागांतून आलेले. मासे वाळवायचे, मीठ काढायचं, थोडी शेती करायची आणि बाया लाटानिए नावाच्या ताडाच्या कोवळ्या पानांच्या पट्ट्या विणून टोप्या, टोपल्या करायच्या. ते विणकाम निरखून बघा. पट्टी दोन-तीन मिलिमीटरची असते आणि कडेची नक्षी लेसच्या जाळीसारखी दिसते. कोरोसॉल या कोळीवाड्यात ही कला अजून टिकून आहे. गुस्तावियातून काही आठवण घेऊन जायची असेल तर हस्तिदंती रंगाची ही टोपी किंवा पिशवी घ्या. नामांकित कंपन्यांच्या पर्स न्यू जर्सीतही मिळतात.

गावात स्वीडिश घंटाघरही आहे, खाली दगड, वर लाकूड. ज्या चर्चचं ते होतं ते उरलेलं नाही. मात्र तो रस्ता थोडा चढाचा आहे, आई-बाबांनी खालूनच बघितलं तरी चालेल. फोर्ट कार्लवर किल्ल्याचं फारसं काही शिल्लक नाही. दृश्य मात्र असं आहे की तुम्ही दोघांनी पायऱ्या चढून यायलाच हवं. एका बाजूला अख्खं बंदर, दुसऱ्या बाजूला शेल बीच आणि समुद्रात नांगरलेलं तुमचं जहाज. वर जायला दहा-पंधरा मिनिटं लागतील.

आणि तुमचा एकच किनारा म्हणजे हाच शेल बीच. गावातून पायी जाता येतो, वाटेत छोटासा चढ-उतार आहे, टॅक्सीची गरज नाही. वाळूपेक्षा शिंपले जास्त, लाखो बारीक शिंपल्यांचा जाड थर. पाण्यात उतरताना पाय टोचतात, म्हणून पाण्यात चालणाऱ्या चपला घ्या. काठापासून थोड्याच अंतरावर पाणी एकदम खोल होतं, पोहता न येणाऱ्याने गुडघाभर पाण्यातच थांबावं. आडोशाला असल्याने लाटा सहसा सौम्य असतात. किनाऱ्यावर रेस्टॉरंट आहे, म्हणजे आईंना सावलीत खुर्चीवर बसता येईल, अर्थात काहीतरी मागवून. शिंपले बघा, हातात घ्या आणि तिथेच ठेवून या.

बाकीच्या किनाऱ्यांची नावं तुम्ही वाचलीच असतील. तुमच्या परिस्थितीत त्यांचं काय ते थोडक्यात सांगते. सालिन अतिशय सुंदर, पण गाडी थांबते तिथून खडकाळ टेकाड ओलांडावं लागतं आणि सावलीचं नाव नाही. गुव्हर्नर किनाऱ्याचा रस्ता खडा उतार आहे, खाली दुकान नाही. कोलोंबिएला गाडी जातच नाही, पायवाटेने वीस-तीस मिनिटं किंवा समुद्रातून बोटीने. तिथली जमीन १९५७ मध्ये डेव्हिड रॉकफेलर या अमेरिकन धनाढ्याने घेतली होती आणि हे बेट श्रीमंतांच्या नजरेत भरलं ते साधारण त्याच सुमारास. कोलोंबिएचं पाणी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या सागरी अभयारण्यात येतं, समुद्री गवत खायला कासवं येतात आणि पाण्यावरून पोहतानाही दिसतात. जहाजाची एखादी सहल घ्यायचीच असेल तर तुम्ही दोघांनी कोलोंबिएची कॅटमरान, म्हणजे जोडसांगाड्याच्या बोटीची, सहल घ्या, सकाळची. आई-बाबा तेवढा वेळ गावात किंवा जहाजावर आरामात राहू शकतात. "बेटदर्शन" नावाची मिनीबसची सहल मी सुचवणार नाही. दीड-दोन तास वळणांवरून हिंदकळायचं, चार ठिकाणी खिडकीतून फोटो काढायचे, आणि आईंच्या गुडघ्यांना चढ-उतार करावेच लागतात.

एका गोष्टीसाठी मात्र टॅक्सी करा: विमानं उतरताना बघण्यासाठी. इथली धावपट्टी साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. एका टोकाला टेकडी, दुसऱ्या टोकाला सेंट जाँचा किनारा आणि समुद्र. वैमानिक टेकडीच्या खिंडीवरून, रस्त्यावरच्या गाड्यांच्या डोक्यावरून विमान आणतो आणि उताराला लगटून खाली टेकवतो. जेमतेम वीस माणसांची ट्विन ऑटरसारखी छोटी विमानंच इथे येतात, तीही फक्त दिवसाउजेडी, आणि वैमानिकांना या धावपट्टीसाठी वेगळी परवानगी काढावी लागते. १९४५ मध्ये रेमी द आनेन याने इथल्या गवताळ माळावर पहिलं विमान उतरवलं. पुढे तोच बेटाचा महापौर झाला आणि सेंट जाँच्या खडकावर त्याने एडन रॉक हॉटेल सुरू केलं. विमानतळाला आज त्याचं नाव आहे. खिंडीजवळ सुरक्षित जागी उभं राहून तीन-चार विमानं बघा, बाबांना नक्की आवडेल. किनाऱ्याच्या बाजूला धावपट्टीच्या टोकाशी उभं राहायला मनाई आहे, तशा पाट्याही आहेत. त्या गांभीर्याने घ्या, विमान खरोखर डोक्यावरून जातं.

टॅक्सीबद्दल: गावात बंदरापाशी एक थांबा आहे आणि विमानतळावर एक. बस नाही. मीटर नाही, आधी भाडं विचारायचं आणि परत न्यायला किती वाजता यायचं तेही तिथेच पक्कं करायचं. जहाज बंदरात असताना टॅक्सी पटकन संपतात. खिंड आणि सेंट जाँ मिळून जाऊन-येऊन दीड तास धरा. गाडी भाड्याने घेण्याच्या भानगडीत पडू नका. गुस्तावियात गाडी उभी करायला जागा शोधण्यातच अर्धा तास जाईल आणि ते खडे चढ अनोळखी हाताने चढवण्यात मजा नाही.

झाडांबद्दल एक सूचना, आणि ती खरोखर महत्त्वाची. या किनाऱ्यांजवळ मँचिनील नावाचं झाड असतं. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, वासही गोड. झाडाचा चीक, पान, फळ सगळं विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने कातडीवर फोड येतात. पुष्कळ ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो, पण प्रत्येक झाडावर असेलच असं नाही. म्हणून खाली पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही आणि अनोळखी झाडाखाली सावली शोधायची नाही.

आता बाबांचं जेवण. फ्रेंच बेट, त्यात समुद्राकाठचं, म्हणजे मेनूवर मासळी आणि मांस. गावात जेवायला बसलात तर चौघांचे सहज शंभर-दोनशे युरो होतील आणि बाबांच्या ताटात सॅलड आणि बटाटे पडतील. एक पदार्थ फसवतो: आक्रा. छोटे गोल तळलेले गोळे, अगदी आपल्या भज्यांसारखे, बरोबर तिखट चटणी. त्यात बहुतेक वेळा खारवलेला कॉड मासा असतो. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका, "मासा नाही, मांस नाही, अंडं चालतं की नाही" असं एकेक सांगा. माझं मत असं की जेवायला बसूच नका. सकाळी बेकरीतून ताजा बॅगेट आणि क्रॉसाँ घ्या, बंदराजवळच्या सुपरमार्केटमधून चीज, टोमॅटो, फळं घ्या आणि सावलीत बसून खा. फ्रान्सहून येणारा माल असल्यामुळे ब्रेड-चीज उत्तम असतं आणि खर्च पावपट. मात्र बेकरीत अकराच्या आत पोहोचा, बॅगेट संपतो. नाहीतर टेंडर दिवसभर ये-जा करत असतात, दुपारी जहाजावर जाऊन जेवून परत यायला कोणी अडवत नाही. आदल्या रात्री वेटरला सांगून ठेवलं तर छोट्या जहाजावर डाळ-भात आनंदाने करून देतात.

कॉफी प्यायला बसायचं असेल तर मुख्य रस्त्यापासून जवळच ल सेलेक्ट नावाचं जुनं ठिकाण आहे, १९४९ पासूनचं. प्लास्टिकच्या खुर्च्या, झाडाची सावली, शेजारी सुतार आणि खलाशीही बसलेले. श्रीमंतांच्या या गावात सगळ्यांनी एकत्र बसावं अशी जागा टिकून राहिली आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

"आमच्यासारख्यांनी" या शब्दाबद्दलही बोलायला हवं. या बेटावर सुमारे अकरा हजार लोक राहतात. त्यात शाळेत शिकवणारे, बोटी दुरुस्त करणारे, हॉटेलात काम करणारे आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाने छपरं उडवली तेव्हा ती परत बसवणारे हेच लोक. तुमच्याकडे काय कपडे आहेत, तुम्ही काय विकत घेता, याचं त्यांना काही नसतं. त्यांना खटकतं ते दुकानात शिरून नमस्कार-चमत्कार न करता थेट किंमत विचारणं. आत जाताना "बाँझूर", निघताना "मर्सी, ओ रव्वार", बस्स, वागणूक लगेच बदलते. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नका, अंगावर काहीतरी घाला. किनाऱ्यावर काही बायका वरच्या कपड्यांशिवाय उन्हात पडलेल्या दिसतील, तिथे ते नेहमीचं आहे. आई-बाबांना आधी सांगून ठेवा आणि कॅमेरा माणसांवर रोखू नका.

डॉलर बहुतेक ठिकाणी घेतात, सुट्टे युरोत मिळतात, कार्ड सगळीकडे चालतं. फोनचं रोमिंग जहाजावरूनच बंद करून उतरा, अमेरिकेच्या सगळ्या योजना इथे चालत नाहीत आणि समुद्रातला नेटवर्क तर फारच महाग पडतो. बेटाची वेळ आणि सान हुआनची वेळ एकच आहे, न्यू जर्सी मात्र फेब्रुवारीत एक तास मागे असते. हातातल्या घड्याळावर घरची वेळ राहिली असेल तर ती सकाळीच बदला. पाच वाजता जहाज सुटणार म्हणजे शेवटची टेंडर साधारण साडेचारला असते. नेमकी वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते, उतरण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. तुम्ही साडेतीनच्या टेंडरने परत या, कारण शेवटच्या दोन फेऱ्यांना धक्क्यावर उन्हात रांग लागते आणि आईंना तेवढा वेळ उभं राहणं जमणार नाही.

आणि बंदर रद्द झालं तर? जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात. कॅटमरान किंवा टॅक्सी बाहेरून ठरवली असेल तर जहाजच न आल्यास पैसे परत मिळतील का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. छोटे व्यावसायिक बहुतेक हो म्हणतात, त्यांना या समुद्राची सवय आहे. शेजारच्या सेंट मार्टिन बेटाहून फेरीबोटीने एका दिवसात इथे येण्याचा बेत त्याच प्रवासात आखू नका. ती फेरी पाऊण तासाची असली तरी मधला समुद्र खवळलेला असतो, मळमळ हमखास, आणि परतीची फेरी उशिरा झाली तर तुमचं जहाज थांबणार नाही.